दहा हजार सात

फार जुनी गोष्ट आहे मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. एका राज्यात महापूर आला आणि नदीकाठच्या वस्त्या धुऊन गेल्या. वाचलेली माणसं राजाच्या दारी आली. राजगणक त्र्यंबकाने शिरगणती केली. भरली दहा हजार सात.

राजा न्यायी होता, पण हट्टी. त्याने दवंडी पिटवली, "यांच्यासाठी नवी गावं वसवू. प्रत्येक गावात माणसं अगदी सारखी. एक कमी नाही, एक जास्त नाही!"

त्र्यंबक म्हणाला, "महाराज, शंभर गावांत शंभर-शंभर बसतील. सात उरतील."

"उरलेल्यांना सीमेपार धाडा," राजा सहज बोलून गेला.

रांगेच्या शेवटी ते सात जण उभे होते. एक म्हातारी कुंभारीण, एक ओली बाळंतीण, तिचं लेकरू... त्र्यंबकाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याने तीन दिवसांची मुदत मागून घेतली.

घरी आला, पण जीव थाऱ्यावर नव्हता. धुळपाटीवर भागाकार मांडी, पुसे, पुन्हा मांडी. तिनाने भागलं, दोन उरले. साताने भागलं, चार उरले. तेराने दहा, सतराने अकरा. मध्येच उठून अंगणात येरझारा घाली, परत येऊन बसे. वाढलेलं ताट निवून गेलं.

"अहो, दोन घास तरी खा," बायको म्हणाली.

"खाऊ कसा? दर वेळी माझ्या पाटीवर माणसं उरताहेत गं!"

शेवटी शंभराच्या आतल्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येने, सत्त्याण्णवाने भागलं, सोळा उरले. तिथे त्याचा हात थांबला. आता काय ते त्याला कळून चुकलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो दरबारात उभा राहिला. "महाराज, या संख्येचे सारखे भाग होतच नाहीत."

"मग गावं दोनशे करा, पाचशे करा!"

"व्यर्थ आहे. शंभराहून मोठा भाजक असेल, तर त्याच्या जोडीला शंभराहून लहान असायलाच हवा. लहान सगळे मी तपासले. आता दोनच वाटा उरतात. सगळे एका गावात, नाहीतर प्रत्येकाचं गाव वेगळं."

"म्हणजे तुझी विद्या हरली!"

त्र्यंबक बोलला, "विद्या हरली नाही, महाराज. आज्ञा चुकली. या सातांना हाकलायचंच असेल, तर त्याचा दोष गणिताच्या माथी मारू नका."

तेवढ्यात कुंभारीण पुढे आली. "पाची बोटं सारखी नसतात, राजा. म्हणून कुणी आपली बोटं छाटतं का?"

राजाची मान खाली गेली. त्याने आज्ञा मागे घेतली आणि मायलेकरांची ताटातूट न करता शंभरांपैकी सात गावांत एकेक माणूस जास्त वसवला. दोन सुगी झाल्या, आणि कोणत्या गावात एक जास्त आहे, हे खुद्द राजालाही आठवेना.

तात्पर्य: माणसं नियमात बसत नसतील, तर नियम वाकवावा, माणसं मोडू नयेत.