पथारीवरची परकी बाई

"…पण माझ्या माणसांच्या मनातलं परक्याला काय कळणार, माताजी?"

उत्तमशेठांनी तावातावाने विचारलं. नंदुरबारजवळच्या माळावर त्यांची मिरचीची पथारी, म्हणजे वाळवणाचं मैदान, होती. लाल मिरची उन्हात वाळत पडायची आणि बायका शेडमध्ये बसून देठ खुडायच्या. ऐन हंगामात त्या एकेक करून काम सोडून चालल्या होत्या. ढीग तसेच पडून राहिले, तर यंदा पथारीला कुलूप लागणार होतं.

मुलगा म्हणत होता, बाहेरचा एचआर सल्लागार बोलवू. तो बायकांशी बोलेल, काय चुकतंय ते सांगेल. शेठना ते भलतंच झोंबलं होतं. पोटच्या पोराने आपल्याला अडाणी ठरवलं, असंच त्यांना वाटलं.

म्हणून ते गावात उतरलेल्या सुभद्राबाईंकडे आले होते. महानुभाव पंथाच्या या वृद्ध संन्यासिनी एका गावात फार दिवस राहत नसत. त्या आपलीच बाजू घेणार, याची शेठना पक्की खात्री.

"बायका का जातात?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"कळतच नाही."

"त्यांना विचारलंत?"

"रोज विचारतो. सगळं बरंय म्हणतात. हसतात."

"…चला, बघू तुमची पथारी."

शेडच्या दारातच सुभद्राबाईंना जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

शेठ हसले. "आम्हाला नाही लागत हो आता."

"हं…" म्हणाल्या आणि सरळ बायकांत जाऊन देठ खुडायला बसल्या. शेठना त्यांनी दाराशीही यायचं नाही, असं बजावलं.

शेठ माळावर येरझारा घालत राहिले. आतून मध्येच हसू ऐकू यायचं, मध्येच कुणी रडल्यासारखं. माझ्यापाशी न बोललेलं हिच्यापाशी काय बोलत असतील?

संध्याकाळी सुभद्राबाई बाहेर आल्या. हात लालबुंद झाले होते.

"पाच वाजता काम सुटलं की हात धुवायचा नळ कोण बंद करतं?"

"जिजी. माझी आत्या. बायका पाणी फार सांडतात म्हणून… का?"

"तसेच तिखट हात घेऊन त्या घरी जातात. घरी तान्ही लेकरं आहेत. आईने उचललं की लेकरू किंचाळतं."

शेठनी वळून नळाकडे पाहिलं.

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुम्हाला लहानाचं मोठं कुणी केलं?"

"जिजीनेच. आई गेल्यावर."

"बायकांना ठाऊक आहे ते. घरच्या माणसाची तक्रार घरच्याकडेच कशी करणार?"

शेठना मनापासून लाज वाटली. त्यांनी स्वतः नळ सोडला, हात चोळायला दारात तेलाची वाटी ठेवली. जिजी फणफणली. शेठनी तिचे पाय धरले, पण नळ काही बंद करू दिला नाही.

आठवड्याभरात गेलेल्या बायका परतू लागल्या.

मग काय, शेठचा आनंद गगनात मावेना. "माताजी, आता कुठेही जायचं नाही. खोली बांधून देतो. आजपासून तुम्ही आमच्याच घरच्या!"

शेडमध्ये आपल्या खुर्चीला लागून त्यांनी दुसरी खुर्ची मांडली. सुभद्राबाईंना आग्रहाने तिच्यावर बसवलं. जिजीने घरून दुधाचा पेला आणून त्यांच्या हातात दिला.

बायकांनी एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं. मग माना खाली घातल्या आणि देठ खुडू लागल्या.

सुभद्राबाईंनी पेला खाली ठेवला. उठल्या. झोळी खांद्याला लावली.

"ऐकलंत, शेठ?"

शेठनी कान देऊन पाहिलं. "काय? कुणीच तर बोलत नाहीये."

"म्हणूनच निघाले. पुढच्या वेळी मुलगा म्हणतो त्या सल्लागाराला बोलवा… आणि त्याला परकाच राहू द्या."