ओंजळभर कडू फुलं

फार पूर्वी रानात झिपरी नावाची अस्वलीण मोड आलेल्या जवाची बीअर करत असे. गेल्या सणाला तिने त्यात नुसता मधच ओतला आणि अख्खा माठ नासला.

"यंदाही नासली, तर माझ्या दारी कोण येईल?" ती शेजारच्या साळिंदरणीला म्हणाली.

साळिंदरणीने वेलीची हिरवी फुलं पुढे केली. "ही घाल, बाई. कडू आहेत, पण माठ राखतील."

झिपरीने ती चुरगाळून हुंगली. संत्र्याच्या सालीसारखा वास आला. तिने मध बाजूला ठेवला आणि ओंजळभर फुलं जवाच्या उकळत्या पाण्यात टाकली.

सणाला तिने माठाचं झाकण काढलं आणि पहिला द्रोण भरला. म्हाताऱ्या रानडुकराने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि द्रोण पुन्हा पुढे धरला.

"अजून ओत, पोरी."

झिपरी मटकन खाली बसली आणि पोटभर हसली.