चंद्रीचं पेंढ्याचं वासरू

एकदा काय झालं, भर समुद्रात समोरासमोर दोन बेटं होती, एक धाकटं, एक थोरलं. राजे दोन, राज्यं दोन, पण गवत मात्र सारखंच हिरवं, बरं का.

एका आईने थोरली लेक चिमा धाकट्या बेटावर दिली आणि धाकटी गोदू थोरल्या बेटावर. दोघींना आंदण एकेक गाय. चिमाला कपिली, गोदूला चंद्री. आई म्हणाली, "दोन सड वासराचे, दोन आपले. विसरू नका गं."

धाकट्या बेटावर सगळ्यांची तीच रीत. दूध घरापुरतं, उरलं तर शेजारणीला. थोरल्या बेटावर मात्र राजाची गलबतं लोणी-तूप भरून परमुलखात जायची. जिची घागर मोठी, तिला मान मोठा. मग वासराला दूध कोण ठेवतंय? वासरंही गलबतात चढवायची. आणि गाईने पान्हा सोडावा म्हणून मेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं करायचं. मेली काय ती रीत!

चंद्रीला पहिलं वासरू झालं. सासूबाई म्हणाल्या, "दोन सडांनी घागर भरते होय?" वासरू गेलं, चंद्रीपुढे पेंढ्याचं उभं राहिलं. गोदू खूप रडली. दुसरं गेलं, तेव्हा तिने तोंड फिरवलं. मग तिसरं झालं. ते तिनेच दाव्याला धरून गलबतावर नेलं.

मग चंद्रीने चारा सोडला. नुसती पेंढ्याचं वासरू चाटत बसायची. गोदू घाबरली. आईची शेवटची खूण ती. तिने निरोप धाडला, "ताई, चंद्री जाते गं माझी!"

चिमा होडीतून आली. बरोबर एक आई मेलेलं, भुकेलं वासरू. ते धडपडत चंद्रीच्या कासेशी गेलं. चंद्रीने पाय झाडला आणि वळून पेंढाच चाटू लागली. जितं वासरू हंबरत उभं, आणि हिचं लक्षच नाही!

गोदूने ते वासरू जवळ ओढून घेतलं. "ताई, हे मी शिकवलं गं तिला."

मग गोदूने ते वासरू हाताने दूध पाजून वाढवलं. पुढे त्याचीच गाय झाली. तिच्या वासराला दोन सड राखले. सासूबाई बोलल्या, बोलून थकल्या. मग सगळे सुखाने राहिले.

चंद्री होय? गोदूच्या हातचा घास घास खाऊन जगली हो. पण दर सुगीला गोदू त्या कातड्याच्या वासरात नवा पेंढा भरायची आणि तिच्यापुढे ठेवायची.

रडू नका रे. या, माझ्या कुशीत या. मिटा डोळे.