कमलमावशींचा लांब अध्याय

"…आणि लॅपटॉपसकट बाहेर काढलं म्हणे सरांनी! आता तो पोरगा परत…"

मला बघून जिन्यातल्या दोघी गप्प झाल्या. मी कशाला गप्प बसू? त्या दुपारी मी सरांच्या घरातच होते.

तांबवेकर सर आमचे शेजारी. मिरजेत इंजिनिअरिंग शिकवून निवृत्त झालेले. शार्दूल त्यांचा जुना विद्यार्थी. हुशार, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक.

"सर, वाटणीत चूक नाहीच. आठही कोअरना अगदी समान काम दिलंय. तरी फोनवरचं बोलणं उलटसुलट येतंय," तो त्या दुपारी सांगत होता.

कोअर म्हणजे एकाच चिपमधले कामकरी, एवढं मी विचारून घेतलं. फोनवरचं बोलणं म्हणे लहान-लहान पाकिटांत बांधून जातं. शार्दूलच्या यंत्रात आधी सगळी पाकिटं एकटा कोअर हाताळायचा आणि मेटाकुटीला यायचा. शार्दूलने ती आठांत वाटली. आता फोनवर पत्ता ऐकू येई तो असा: "मागे… गल्लीत… देवळाच्या…"

आणि उद्या सकाळी ते यंत्र ॲम्ब्युलन्स बोलवायच्या फोनला जोडायचं होतं.

"पाकीट कुणाकडे जातं?" सरांनी विचारलं.

"जो मोकळा असेल त्याच्याकडे."

सरांनी आमच्याकडे पाहिलं.

आम्ही बायका त्याच खोलीत पारायणाला बसत होतो. आमची पद्धत अशी, की प्रत्येकीने एकेक अध्याय घ्यायचा आणि सगळ्यांनी एकदमच वाचायचं. एका दुपारी पोथी पूर्ण.

"शार्दूल, आज वाटणी तू कर," सर म्हणाले. "तुझ्या पद्धतीने."

तो खूश झाला. अध्याय बाजूला ठेवून त्याने एकेक ओवी वाटली. जी मोकळी होईल तिला पुढची. माझी तोंडपाठ, मी झरझर म्हटली. आमच्यातल्या वयस्क कमलमावशींचा मोतीबिंदू पिकायला आलेला, त्या अक्षर अक्षर लावत होत्या.

ऐकू आलं ते असं: राजा आधी वनात गेला, मग त्याचं लग्न झालं, आणि त्यानंतर तो जन्माला आला.

सरांच्या पत्नी कुमुदवहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"आता आमच्या पद्धतीने," सर म्हणाले, आणि अध्याय वाटले.

"सर, मावशींना सगळ्यात लांब आलाय! ही समान वाटणी नाही."

"नाही."

आमचे अध्याय संपले, कॉफी झाली. मावशी अजून अर्ध्यातच. शार्दूलला राहवेना. तो वाकून, माझ्याकडे बोट करत म्हणाला, "मावशी, उरलेलं या काकूंना देऊ का? त्या रिकाम्याच आहेत."

मावशींनी पोथीवर पंजा ठेवला. "हात लावशील तर बघ! माझा राजा अजून अरण्यात आहे. तो घरी येईपर्यंत मी कुणाच्या हाती देत नाही."

शार्दूल वाकलेला तसाच राहिला…

"एका फोनची सगळी पाकिटं… एकाच कोअरकडे," तो पुटपुटला, आणि तिथेच लॅपटॉप उघडून खडखड सुरू केली.

सरांनी दाराकडे बोट केलं. "बाहेर. मावशींचं वाचन चाललंय."

काढलं ते असं. जिन्यातल्यांनी एवढंच पाहिलं. पायरीवर बसून तो काय करत होता, ते विचारायला कुणी थांबलं नाही.

थोड्या वेळाने तो धावत आत आला. सरांच्या फोनवर त्याच्या यंत्रातून आवाज आला, सरळ, स्वच्छ: "देवळाच्या मागे, गल्लीत."

मी टाळ्याच वाजवल्या.

"जमलं, सर!" मग त्याचा चेहरा थोडा पडला. "पण एका कोअरकडे फार लांब बोलणं आलंय. तो बिचारा दमलाय, बाकीचे निवांत. त्याच्या हातचं तर काढून घेता येत नाही. मग मी करू काय?"

सरांनी कमलमावशींकडे पाहिलं. त्या शेवटच्या पानावर होत्या. घसा बसला होता, पण बोट ओळीवरून ढळलं नव्हतं.

"आधी मावशींना पाणी नेऊन दे."