दोन कातळांमधली तांबडी माती

एका सरदारांची विहीर अर्धी खणून थांबली होती, बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. कारण काय, तर सरदारांच्या पदरी दोन शास्त्री होते. थोरले म्हणत, “डोंगर एका दिवसात झाला.” धाकटे म्हणत, “छे, कणाकणानं, युगानुयुगं.” सरदार म्हणाले, “आधी निकाल, मग खोदकाम!”

विहीर खणणारी दुर्गव्वा तळातून, दोन कातळांच्या मधल्या तांबड्या मातीचं ढेकूळ घेऊन वर आली.

“थोरले बुवा, एका दिवसात झाला, तर दोन कातळांमध्ये ही माती कधी झाली? आणि धाकटे बुवा, कणाकणानं झाला, तर ही विटेसारखी भाजली कुणी?”

दोघंही ढेकूळ उलटंसुलटं करून पाहू लागले.

“मग खरं कुणाचं?” सरदारांनी विचारलं.

“अर्धं अर्धं दोघांचं, सरकार. तापला कातळ एका दिवसात ओतला गेला, त्याची माती व्हायला युगं गेली, मग वरून पुन्हा तापला कातळ ओतला गेला नि ती भाजली. आता कुणाचं अर्धं मोठं, ते वर बसून ठरवा. मी खाली पाणी शोधते.”