मिचकीची सकाळची झोप

चिंचेच्या फांदीवर एक घरटं होतं. घरट्यात मऊ मऊ कापूस होता. कापसात एक खारुटली निजायची. एवढीश्शी! तिचं नाव मिचकी.

मिचकी सकाळी एकदा निजायची. दुपारी पुन्हा निजायची. फांदी हलायची, आई पाठीवरून शेपटी फिरवायची, की मिचकीचे डोळे मिट्ट!

पण काल काय झालं? सकाळची झोप आलीच नाही. दुपारीही नाही. मग संध्याकाळभर मिचकी रडली. किरकिर किरकिर, भोकाड!

आज सकाळी तेच. मिचकी इकडे लोळली. तिकडे लोळली. डोळे टक्क उघडे!

"आई गं, माझी झोप कुठे गेली?"

आई म्हणाली, "अगं, तू मोठी झालीस. आता सकाळी नाही निजायचं. जेवून निजायचं."

"नक्को! मला आत्ता हवी! मी आणते!"

तुरु तुरु तुरु! मिचकी फांदीच्या टोकाशी गेली.

"फांदीताई, फांदीताई, मला झोप येईना! हलतेस का?"

फांदी म्हणाली, "वारा वाहिला, तर मी हलेन."

तुरु तुरु तुरु! मिचकी शेंड्यावर गेली. वारा पानांत आळसावून पडला होता.

"वारादादा, वारादादा, फांदी हलेना, मला झोप येईना! वाहतोस का?"

वारा म्हणाला, "ऊन पडलं, तर मी वाहीन."

तुरु तुरु तुरु! मिचकी मोठ्या दगडावर चढली. ऊन ढगाच्या कडेतून डोकावत होतं.

"उन्हा रे उन्हा, वारा वाहेना, फांदी हलेना, मला झोप येईना! पडतंस का?"

ऊन म्हणालं, "ढग सरकला, तर मी पडेन."

तुरु तुरु तुरु! मिचकी टेकडीवर गेली. ढग टेकडीला रेलून बसला होता.

"ढगोबा, ढगोबा, ऊन पडेना, वारा वाहेना, फांदी हलेना, मला झोप येईना! सरकता का?"

ढग म्हणाला, "शूऽऽ! खाली मोर नाचतोय. मी बघतोय. मोर थांबला, तर मी सरकेन."

तुरु तुरु तुरु! मिचकी टेकडी उतरली. मोर नाचत होता. थुई थुई थुई!

"मोरदादा, मोरदादा, ढग सरकेना, ऊन पडेना, वारा वाहेना, फांदी हलेना, मला झोप येईना! थांबतोस का?"

मोर म्हणाला, "दाणे मिळाले, तर मी थांबेन. गजरामावशी पाखडते, तेव्हा दाणे उडतात."

तुरु तुरु तुरु! मिचकी गजरामावशीच्या अंगणात गेली. मावशीपुढे ज्वारीची रास होती. हातात सूप होतं. पण मांडीवर तिचं बाळ होतं, भिवा. भिवा सूप ओढत होता.

"मावशी, मावशी, मोर थांबेना, ढग सरकेना, ऊन पडेना, वारा वाहेना, फांदी हलेना, मला झोप येईना! पाखडतेस का?"

मावशी म्हणाली, "पाखडू कशी गं बाई? हा भिवा निजला, तर मी पाखडेन. सकाळपासून झोळीत घालतेय, हा आपला बाहेर!"

मग मिचकी भिवाच्या पायाशी गेली.

"भिवा, भिवा, मावशी पाखडेना, मोर थांबेना, ढग सरकेना, ऊन पडेना, वारा वाहेना, फांदी हलेना, मला झोप येईना! निजतोस का?"

भिवा म्हणाला, "नाई! झोप गेली!"

मिचकी थबकली.

"तुझीपण सकाळची झोप गेली?"

"गेली! भुर्र!" भिवाने हात उडवले.

मिचकीने भिवाकडे बघितलं. भिवाने मिचकीकडे बघितलं. भिवा खुदकन हसला. मिचकीलाही हसू आलं.

मग काय! मिचकी पुढे, तुरु तुरु तुरु. भिवा मागे, दुडू दुडू दुडू. हंड्याभोवती गिरकी, खाटेखालून बाहेर. भिवा बदकन पडला, उठला, पुन्हा धावला. रडायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

खेळता खेळता भिवाने जांभई दिली. आऽऽऽ!

मिचकीनेही दिली. आऽऽऽ!

मावशी म्हणाली, "दमलात रे दोघं! थांबा, आज लवकर जेवू या."

मावशीने ऊन ऊन भात वाढला. त्यावर वरण, वर तूप. भिवाला एक घास, मिचकीला एक शीत. भिवाला एक घास, मिचकीला एक शीत. पोटं टम्म!

भिवाची मान कलली. मावशीने त्याचं तोंड पुसलं, झोळीत ठेवलं. एक झोका, आणि...

भिवा निजला!

"निजला गं बाई एकदाचा!" मावशी हळूच म्हणाली. तिने मोठ्ठा श्वास सोडला. हुश्श!

भिवा निजला, मावशी पाखडू लागली. सप सप सप!

मावशी पाखडू लागली, दाणे उडाले, मोर थांबला. टिप टिप टिप!

मोर थांबला, ढग सरकला. गुपचूप गुपचूप!

ढग सरकला, ऊन पडलं. लख्ख!

ऊन पडलं, वारा वाहिला. सूं सूं सूं!

वारा वाहिला, फांदी हलली. कुई कुई कुई!

तुरु... तुरु... तुरु... मिचकी घरट्यात शिरली. पाय जड, डोळे जड.

"जेवलीस?" आईने विचारलं.

"भात..." एवढंच म्हणाली मिचकी.

फांदी हलली, शेपटी फिरली, आणि झोप आली. एवढीशी नाही हं! लांऽऽऽबलचक झोप! आई दोनदा डोकावली. मिचकी आपली घुर्र घुर्र. आईनेही मग पाय पसरले.

मिचकी जागी झाली, तेव्हा ऊन उतरलं होतं. किरकिर नाही. भोकाड नाही. मिचकी टुणकन उठली आणि आईच्या पाठीवर चढली.

आई हसून म्हणाली, "काय गं, उद्या सकाळची झोप शोधायला जायचं का?"

"छे! उद्या सकाळी मला वेळच नाही. मी भिवाकडे खेळायला जाणार!"

मिचकी खेळली, आई हसली,
गोष्ट आपली कुशीत बसली.