डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वाचलेला धडा

धामणवाडी नावाच्या गावी मालन वाघचौरे या गुरांच्या डॉक्टर राहत. आसपासच्या सगळ्या गाईम्हशी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. बाईंनी एकदा रोगाचं नाव घेतलं, की त्यापुढे कुणी बोलत नसे. बाईंनाही त्याचा जरा अभिमानच होता.

एका उन्हाळ्यात भैरू खिलारेने लांबच्या बाजारातून वासरं आणली. वाटेत टेम्पो बंद पडला. वासरं दोन दिवस पाण्यावाचून उभी राहिली. घरी पोचताच भैरूने हौद काठोकाठ भरला. त्याची विहीर आटलेली, म्हणून पाणी शेजारच्या सोनबा लेंगरेने दिलं होतं. वासरं पोट तट्ट फुगेपर्यंत प्याली. मग एकेक झोकांड्या खाऊ लागलं. त्यांची लघवी लाल झाली. एक वासरू तर बघता बघता गेलं.

भैरू आणि सोनबाचं बांधावरून जुनं भांडण होतं. भैरू ओरडला, "यानंच पाण्यात विष घातलं!" माणसं धावली. कुणीतरी सोनबाची मानगूट धरली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वासरं तपासली. ताप नव्हता. लघवी लाल करणारा गोचीडताप म्हणावा, तर अंगावर गोचीड नव्हती. भैरूची गाय त्याच हौदाचं पाणी पिऊन निवांत रवंथ करत होती.

"बाई, विषच हाय ना?" भैरूने विचारलं. "तुमी नुसतं हो म्हणा."

हो म्हणणं सोपं होतं. बाईंच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. पण सोनबा त्यांच्याकडे एकटक बघत होता.

"मला कळत नाही," बाई म्हणाल्या.

मागून कुणी हसलं, "मग इतकी वर्षं केलं काय?"

बाईंचे कान तापले. तरी त्यांनी भैरूच्या मुलीला, शेवंताला, जवळ बोलावलं. ती अकरावीत शास्त्र शिकत होती. "पोरी, तुझं जीवशास्त्राचं पुस्तक आण. पहिल्यापासून बघू."

भर गर्दीत बाई हौदाच्या कठड्यावर बसल्या आणि पेशीचा धडा काढून ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. पेशी. तिच्याभोवती पातळ पडदा. पडद्यातून पाण्याची ये-जा. क्षार जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं.

बोट थांबलं.

"भैरू, याआधी वासरांना पाणी कधी पाजलंस?"

"परवा. बाजारातून निघताना."

बाई ताडकन उठल्या. "हौद झाका! एक थेंब पाजू नका कुणाला!" त्यांनी एका वासराचं रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं. मग एकेका वासराच्या शिरेतून क्षाराचं दाट सलाईन हळूहळू सोडायला सुरुवात केली. शेवंता बाटल्या धरून उभी राहिली.

नळीतलं रक्त गोठलं, तेव्हा बाईंनी ती सर्वांसमोर उंच धरली. "गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी पिवळसर असतं. हे लाल आहे. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्यात. तहानेनं वासरांचं रक्त खारट झालं होतं. त्यात एकदम एवढं साधं पाणी गेलं. रक्त पातळ झालं, पाणी पेशींत शिरलं, पेशी फुगून फुटल्या. मेंदूही सुजला, म्हणून झोकांड्या. आता हे दाट सलाईन ते पाणी पेशींतून परत बाहेर ओढतंय. गाय रोज पाणी पीत होती, ती बेतानंच प्याली. भैरू, हे विष नाही. थोडं थोडं पाजायचं होतं, ते एकदम पाजलंस."

सोनबाच्या मानेवरचा हात आपोआप सुटला.

ऊन उतरलं तसं एक वासरू धडपडत उठलं. पुन्हा पडलं. पुन्हा उठलं, आणि पायांवर ठाम उभं राहिलं. मग दुसरं उठलं, तिसरं उठलं. संध्याकाळी उरलेली सगळी वासरं कडब्यासाठी एकमेकांना ढकलत होती. माणसांनी टाळ्या पिटल्या. मघाशी हसलेला माणूस सर्वांत जोरात पिटत होता.

भैरू सोनबापुढे हात जोडून उभा राहिला.

"राहू दे," सोनबा म्हणाला. "उद्याबी माझ्याच विहिरीवरनं पाणी ने. पण पाजायचं किती, ते बाईंना विचार."

बाई खळखळून हसल्या. इतका आनंद त्यांना आजवर कुठल्याही मोठ्या उपचाराने झाला नव्हता.

तात्पर्य: अडल्यावर "मला कळत नाही" असं मोकळेपणाने म्हणून जो पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो, त्याचंच ज्ञान ऐन वेळी जीव वाचवतं.